देहदान, दाहिनी, शेणी आणि रक्षा: नेहमीच्या अंत्यविधीपेक्षा वेगळ्या वाटांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी कोल्हापूर आणि आसपासच्या गावांत देहदान-नेत्रदानाच्या कामात आहे. आम्हाला फोन दोन तऱ्हेचे येतात. एक दुपारचा, निवांत: "सहज विचारून ठेवावं म्हटलं." दुसरा अवेळी, घरात माणूस गेलेलं असताना. मागे रडण्याचा आवाज असतो आणि शेजारचे काका "उशीर नको, बांबू आणायला पोरगं पाठवलंय" म्हणत असतात. त्या दुसऱ्या फोनवर ज्यांना मदत करता आली नाही, अशी घरं माझ्या चांगली लक्षात आहेत. हे पान पहिल्या फोनच्या वेळी वाचावं म्हणून लिहिलं आहे.

नेहमीच्या अंत्यविधीला पर्याय म्हणजे नेमकं काय काय?

देह वैद्यकीय महाविद्यालयाला देणं. डोळे, त्वचा देऊन मग नेहमीसारखं दहन करणं. लाकडाऐवजी वीज, गॅस, शेणी (म्हणजे गोवऱ्या) किंवा शेतातल्या काडीकचऱ्याच्या दाबून केलेल्या कांड्या वापरणं. रक्षा नदीत न सोडता मातीत मिसळणं. दहावा-तेरावा न करता, किंवा आटोपशीर करून, तो पैसा दुसऱ्या कामाला लावणं. यातलं एक घेतलं की बाकीचं सोडावं लागतं असं नाही. डोळे देऊन, शेणींवर दहन करून, रक्षा शेतात घालून शिवाय यथासांग दहावा केलेली घरं मला माहीत आहेत.

हे आपल्या परंपरेत बसतं का? घरातले मोठे ऐकणार नाहीत.

लाकडाचं सरण म्हणजेच परंपरा, असं आपण धरून चालतो. पण महाराष्ट्रातच बघा. लिंगायत समाजात देह बसलेल्या अवस्थेत पुरतात. महानुभाव पंथात दफन आहे. संन्याशाला अग्नी देत नाहीत, समाधी देतात. तान्हं बाळ गेलं तर दहन करणाऱ्या घरांतही ते पुरतात. एकाच गावात, एकाच ओढ्याच्या काठी या सगळ्या रीती शेकडो वर्षं नांदत आल्या आहेत.

मोठ्या माणसांना खरी काळजी असते ती वेगळीच: देहच दिला तर क्रिया कशावर करायची? याची सोय जुन्यांनी करून ठेवली आहे. बुडून किंवा परमुलखात गेलेल्या, देह हाती न लागलेल्या माणसासाठी पालाशविधी आहे. पळसाच्या ३६० देठांचा पुतळा करून त्याचं दहन करायचं आणि पुढचे विधी करायचे. देहदानानंतरही ज्यांना क्रियाकर्म हवंच आहे, त्यांनी आपल्या गुरुजींशी हा विषय काढून बघावा. सगळे गुरुजी तयार होत नाहीत, पण तयार होणारे मिळतात.

दधीची ऋषींनी वज्रासाठी हाडं दिली ही गोष्ट तर आजी-आजोबांनीच आपल्याला सांगितलेली असते. अलीकडचं उदाहरण हवं असेल तर नानाजी देशमुखांचं द्या. मूळचे हिंगोली जिल्ह्यातल्या कडोळीचे, आयुष्यभर संघाच्या कामात. २७ फेब्रुवारी २०१० रोजी चित्रकूटला ते गेले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे देह दिल्लीच्या एम्सला दिला गेला. त्याच्या दीडेक महिना आधी, १७ जानेवारीला, ज्योती बसू गेले. आयुष्यभर कम्युनिस्ट. त्यांचाही देह कोलकात्याच्या सरकारी रुग्णालयाला दिला गेला. घरात कुठल्याही विचाराचे आजोबा असले तरी या दोघांपैकी एकाचं नाव उपयोगी पडतं, हा माझा अनुभव आहे.

देहदान आणि अवयवदान एकच ना?

नाही, आणि या गोंधळात बराच वेळ वाया जातो.

किडनी, यकृत, हृदय हे अवयव घरी मरण पावलेल्या माणसाचे देता येत नाहीत. अतिदक्षता विभागात, कृत्रिम श्वासावर असताना मेंदू मृत झाला, तरच ते शक्य असतं. त्याची तपासणी चार डॉक्टरांचं मंडळ किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करतं. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यात ही पद्धत ठरवलेली आहे. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या विभागीय समन्वय केंद्रांमार्फत अवयवांचं वाटप होतं.

डोळे आणि त्वचा मात्र घरी, झोपेत, म्हातारपणाने गेलेल्या माणसाचीही देता येते.

देहदान म्हणजे संपूर्ण देह शरीररचना शिकण्यासाठी देणं. आपल्याकडे १९४९ च्या शरीरशास्त्र कायद्याने त्याला आधार दिला आहे. अवयव काढलेला देह महाविद्यालयं सहसा घेत नाहीत. डोळे दिलेला देह मात्र घेतात.

नेत्रदानासाठी घरच्यांनी काय करायचं?

सर्वांत आधी नेत्रपेढीला फोन. सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात, आणि त्या सहा तासांत पथकाचा प्रवासही आला. मग पंखा बंद करा. वाऱ्याने बुबुळ कोरडं पडतं. एसी असेल तर चालू ठेवा. पापण्या मिटा, त्यावर ओल्या कापसाची घडी ठेवा, डोक्याखाली दोन उशा घाला. डॉक्टरांकडून मृत्यूचं प्रमाणपत्र घेऊन ठेवा. पथक घरी येतं, पंधरा-वीस मिनिटांत काम होतं, चेहरा विद्रूप होत नाही. तपासणीसाठी थोडं रक्त घेतात.

चष्मा होता, मधुमेह होता, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, वय नव्वद होतं, तरी फोन करा. घ्यायचे की नाही ते नेत्रपेढीला ठरवू द्या. "आमच्या आजोबांना दिसतच नव्हतं" म्हणून फोन न करणारे खूप भेटतात. पडदा किंवा नस खराब झाल्याने दृष्टी गेलेली असेल, तर बुबुळ पूर्ण चांगलं असू शकतं. एड्स, कावीळ ब किंवा क, रेबीज, रक्ताचा कर्करोग, रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग असेल तर घेत नाहीत.

आधी फॉर्म भरलेला नसला तरी चालतं. जवळच्या नातलगांची संमती पुरते.

त्वचादानात पूर्ण कातडी सोलतात का?

नाही. मांड्या, पाय आणि पाठ इथून अगदी पातळ, वरचा थर घेतात, रक्त वाहत नाही, मग पट्ट्या बांधून देतात. वय अठराच्या वर हवं, वेळ इथेही सहा तासांचीच. ग्लिसरॉलमध्ये ही त्वचा काही वर्षं टिकते आणि भाजलेल्या रुग्णाच्या जखमेवर तात्पुरतं पांघरूण म्हणून घालतात. मुंबईत सायनचं महापालिका रुग्णालय आणि नवी मुंबईत ऐरोलीचं नॅशनल बर्न्स सेंटर इथे त्वचापेढ्या आहेत. लहान शहरांत मात्र ही सोय मिळेलच असं नाही, आधी चौकशी करा.

देहदानाचा फॉर्म भरला, कार्ड मिळालं. आता काम झालं ना?

इथे मी माझ्या घरचं सांगते.

बाबांनी फॉर्म भरला होता, दोन साक्षीदारांच्या सह्या होत्या, कार्ड लॅमिनेट करून पाकिटात ठेवलं होतं. ते गेले दिवाळी पाडव्याच्या पहाटे. कार्डावरचा नंबर विभागाच्या कार्यालयाचा होता. सुट्टीत तिथे कोण असणार? दुसऱ्या महाविद्यालयात फोन लागला तर शीतगृहात जागा नव्हती. तिसरीकडे विचारेपर्यंत दुपार झाली. पाहुणे जमले, मामा म्हणाले, "आता पुरे, त्यांचे हाल नकोत." पंचगंगेवर दहन केलं. त्या सगळ्या धावपळीत डोळ्यांचं कुणालाच सुचलं नाही. देहाचं हुकलं ते एक वेळ समजून घेता येतं. डोळे सहज देता आले असते, ते अजून खुपतं.

म्हणून फॉर्म भरताना हे विचारून घ्या: रात्री आणि सुट्टीच्या दिवशी कोणता नंबर लागतो? शववाहिका ते पाठवतात की आपण करायची? किती तासांच्या आत देह पोचला पाहिजे? (सहसा सहा-आठ तासांत नेणं चांगलं, जास्त वेळ लागणार असेल तर बर्फाची पेटी लागते.) कोणती कागदपत्रं लागतात? डॉक्टरांचं प्रमाणपत्र, मृताचं आणि नातलगाचं आधारकार्ड एवढं तरी हाताशी ठेवा. शिवाय दुसऱ्या एका महाविद्यालयाचा नंबर लिहून ठेवा. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या महाविद्यालयांतही विद्यार्थी शरीररचना शिकतात आणि तिथेही देहाची गरज असते, हे बहुतेकांना माहीत नसतं.

आणि हे सगळं जमलं नाही तर काय करायचं, तेही त्याच कागदावर लिहा. "देह घेतला नाही तर विद्युतदाहिनी, मंत्र नकोत" अशी एक ओळ असली तरी घरचे मोकळे होतात.

कोणाचा देह घेत नाहीत?

अपघात, आत्महत्या, विषबाधा, भाजणं, म्हणजे जिथे शवविच्छेदन होतं किंवा पोलिसांचा संबंध येतो असे मृत्यू. संसर्गजन्य आजार. खूप पसरलेले बेडसोअर किंवा गँगरीन. नकार आला तर तो त्या माणसाचा अपमान आहे असं मनाला लावून घेऊ नका.

देह दिल्यावर अस्थी मिळतात का? पुढे काय होतं?

देहात रसायन भरून तो टिकवतात. मग वर्ष-दोन वर्षं विद्यार्थ्यांच्या लहान लहान गटांना त्यावरून शिकवलं जातं. शिकवून झाल्यावर अवशेषांचं दहन महाविद्यालयच करतं. अस्थी सहसा परत मिळत नाहीत. ज्यांना त्या हव्याच आहेत त्यांनी देहदानाचा निर्णय शांतपणे पुन्हा तपासावा. नंतर मनात रुखरुख राहण्यापेक्षा नेत्रदान आणि दहन बरं. काही घरं देह देण्याआधी केसांची बट कापून ठेवतात आणि तिचं विसर्जन करतात.

वैद्यकीयच्या पहिल्या वर्षाची मुलं विच्छेदन सुरू करण्याआधी देहाचा मान राखण्याची शपथ घेतात. एका डॉक्टरीण बाईंनी मला सांगितलं, "माझे पहिले गुरुजी बोलत नव्हते." देह द्यायला निघालेल्या घरात मी हे वाक्य आवर्जून सांगते.

विद्युतदाहिनीत अग्नी कसा द्यायचा? अस्थी मिळतात का?

भट्टीत ढकलण्याआधी ट्रॉलीवर सगळे विधी करता येतात: पाणी पाजणं, मडकं फोडणं, छातीवर कापूर पेटवून मंत्राग्नी देणं. साधारण दीड-दोन तासांत दहन होतं आणि रक्षा-अस्थी त्याच दिवशी मिळतात, तिसऱ्या दिवशी सावडायला परत जावं लागत नाही. सरणाला तीनशे-चारशे किलो लाकूड लागतं, ते वाचतं. पावसाळ्यात ओल्या लाकडावर पुन्हा पुन्हा डिझेल ओतावं लागलेलं ज्यांनी पाहिलं आहे, त्यांना बाकीचं सांगावं लागत नाही.

दोन गोष्टी सांभाळा. पेसमेकर बसवलेला असेल तर डॉक्टरांकडून आधी काढून घ्या, भट्टीत त्याचा स्फोट होतो. आणि नारळ, काचेच्या बाटल्या, प्लॅस्टिक, नायलॉनच्या साड्या आत घालू नका.

"आपल्यात असं नसतं" म्हणणाऱ्यांना एक माहिती देते. सावरकरांनी आपला देह विद्युतदाहिनीतच जाळावा असं लिहून ठेवलं होतं आणि १९६६ मध्ये मुंबईत चंदनवाडीला तसंच झालं.

आमच्या गावात दाहिनी नाही. मग?

खरं तर लहान गावात विद्युतदाहिनीचा आग्रह धरू नये असं माझं मत आहे. भट्टी थंड पडली की पुन्हा तापवायला तासन्‌तास वीज लागते. रोज अनेक दहनं होतात तिथेच ती परवडते. महिन्यात चार मृत्यू होणाऱ्या गावात ती गंजते.

गावासाठी शेणी बऱ्या. कोल्हापुरात पंचगंगा स्मशानभूमीत शेणींवर दहन होतं आणि महापालिका ते मोफत करते. होळीला इथली मंडळं, तालमी होळी लहान करतात आणि वाचलेल्या शेणी स्मशानभूमीला दान देतात. ट्रॉल्या भरून शेणी येतात. दुसऱ्या गावच्या लोकांना मी हे सांगते तेव्हा ते वही काढून लिहून घेतात, कारण याला ना यंत्र लागतं ना मोठा निधी.

नागपूरकडे मोक्षकाष्ठ वापरतात: पऱ्हाट्या, तूर-सोयाबीनचं कुटार असा शेतातला कचरा दाबून केलेल्या कांड्या. शेतकरी एरवी तो बांधावर जाळूनच टाकतो. आणि लाकूडच वापरायचं असेल तर निदान जमिनीपासून उंच, खालून हवा खेळेल अशी लोखंडी जाळीची चौकट स्मशानात बसवून घ्या. लाकूड बरंच कमी लागतं.

रक्षा नदीत सोडायची नाही, तर कुठे?

शेतात, परसात, झाडाखाली. कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांत शेतात रक्षा मिसळून आंबा, नारळ, वड लावणारी घरं आता गावोगाव आहेत. फक्त एक चूक टाळा. सगळी रक्षा एकाच खड्ड्यात ओतून त्यात रोप लावलं की रोप जळतं. राखेत क्षार असतात. मूठभर रक्षा भरपूर माती आणि शेणखतात मिसळा, बाकीची वावरभर पसरा. रोप जगलं नाही तर घरच्यांना दुसऱ्यांदा माणूस गेल्यासारखं वाटतं, म्हणून एवढं सांगते.

आळंदी, पंढरपूर, नाशिकचं रामकुंड यांची ओढ असणाऱ्यांनी चिमूटभर तिकडे नेली तर कुणाचं काय बिघडतं?

स्वतःच्या जागेत पुरता येईल का?

गावाकडे दफनाची रीत असलेल्या समाजांत स्वतःच्या शेतात पुरतात. शहरात नेमून दिलेल्या जागेबाहेर परवानगी मिळणं जवळजवळ अशक्य. जोतीराव फुल्यांनाही मिळाली नाही. आपल्याला घरामागे मिठात पुरावं अशी त्यांची इच्छा होती, खड्डाही खणून ठेवला होता. १८९० मध्ये ते गेले तेव्हा वस्तीतली जागा म्हणून पुणे नगरपालिकेने नकार दिला. दहन झालं, आणि अस्थी त्या जागी आणून समाधी बांधली. फुलेवाड्यात ती आजही आहे.

बायकांनी खांदा, अग्नी दिला तर?

द्यावा. जोतीरावांच्या अंत्ययात्रेत दत्तक मुलगा यशवंत याच्या हक्कावरून भाऊबंद आडवे आले, तेव्हा सावित्रीबाईंनी टिटवं, म्हणजे प्रेतापुढे धरायचं मडकं, हातात घेतलं आणि त्या पुढे चालल्या. त्याला सव्वाशेहून जास्त वर्षं झाली.

दहावा-तेरावा केलाच नाही तर चालेल का? लोक काय म्हणतील?

लोक बोलतात, साधारण महिनाभर. कर्ज काढून घातलेल्या तेराव्याच्या जेवणाचे हप्ते त्याहून खूप जास्त काळ चालतात.

पण इथे मला दुसरी बाजूही सांगायची आहे. विधी नको म्हणणारा बहुतेक वेळा मुलगा असतो आणि जिचा पन्नास वर्षांचा सोबती गेला ती कोपऱ्यात गप्प बसलेली असते. तिला विचारा. तिला कावळ्याला त्यांच्या आवडीची थालीपीठं ठेवायची असतील तर ठेवू द्या. सुधारणा तिच्यावर लादण्यात कसला आलाय पुरोगामीपणा? काही घरं दहाव्या दिवशी जवळच्यांना बोलावतात, आठवणी सांगतात, जेवणाचे पैसे शाळेला किंवा ग्रंथालयाला देतात. अर्थ कळेल असे, आटोपशीर विधी हवे असतील तर पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीने तशा पोथ्या तयार केल्या आहेत. त्यांच्याकडे स्त्रियाही पौरोहित्य करतात. सत्यशोधक पद्धतीने, पुरोहिताशिवाय विधी करणारे कार्यकर्तेही गावोगाव आहेत.

इतर धर्मांत असे बदल होतायत का?

पारशी समाजाचं उदाहरण बोलकं आहे. मुंबईत डुंगरवाडीच्या दोखम्यात, म्हणजे वरून उघड्या गोल मनोऱ्यात, देह गिधाडांना दिला जाई. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक दिलेली मेलेली गुरं खाऊन गिधाडं मेली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, पण तोवर आकाश रिकामं झालं होतं. २०१५ मध्ये वरळीच्या स्मशानभूमीत दहन निवडणाऱ्या पारश्यांसाठी प्रार्थनागृह उघडलं. २०२४ मध्ये रतन टाटांवर वरळीतच अंत्यसंस्कार झाले. कॅथलिक चर्चने १९६३ पासून दहनाला मुभा दिली आहे. रक्षा मात्र विखरू नये, पवित्र जागी ठेवावी, असं २०१६ मध्ये स्पष्ट केलं. आणि मुस्लीम दफनात मुळातच कफनाचं कापड आणि माती एवढंच असतं. जग ज्याला आता हरित दफन म्हणून नव्याने शिकतंय, ते हेच.

मुलगा परदेशात आहे. तिथे काही झालं तर?

तिथे बहुतेक ठिकाणी बंद भट्टीत दहन होतं आणि हाडांची पूड करून डब्यात देतात. सावडायला अस्थी नसतात, हे आधी माहीत असलेलं बरं. रक्षा भारतात आणताना मृत्यूचा दाखला, दहनाचं प्रमाणपत्र आणि सीलबंद डबा लागतो; भारतीय वकिलातीत आधी विचारा. ब्रिटनमध्ये एका हिंदू गृहस्थांनी उघड्या चितेसाठी कोर्टात लढा दिला, आणि २०१० मध्ये अपील न्यायालयाने भिंती असलेल्या, वरून मोकळ्या वास्तूत तसं दहन कायद्यात बसू शकतं असा निकाल दिला. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने २०१९ मध्ये देहाचं खत करण्याला कायदेशीर मान्यता दिली. दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू गेले तेव्हा त्यांच्या इच्छेने क्षारयुक्त गरम पाण्यात देह विरघळवण्याची पद्धत वापरली होती.

देहदान केलं तरी मृत्यूची नोंद करावी लागते?

हो, २१ दिवसांच्या आत. महाविद्यालयाची पावती जपून ठेवा, दाखल्यासाठी ती लागते.

मृत्युपत्रात लिहिलं की मुलांना ते पाळावंच लागतं ना?

मृत्युपत्र बहुतेक घरांत तेराव्यानंतर उघडतात. शिवाय जवळच्या नातलगाने ठाम विरोध केला तर कुठलंही महाविद्यालय भांडून देह नेत नाही. त्यामुळे मृत्युपत्रात लिहा, पण तेवढ्यावर राहू नका. त्या क्षणी घरात जे असतील त्यांना माहीत पाहिजे. फक्त मुलांना नाही, सुनेला, जावयाला, शेजाऱ्यांनाही.

हा विषय घरात काढायचा कसा?

मला आईजवळ काढता आला नव्हता. बाबा गेले त्या पाडव्यानंतर महिन्याभराने तिनेच काढला, तांदूळ निवडता निवडता. "माझं तरी नीट करा. डोळे आधी, मग बाकीचं. आणि लोक लांबून येतात, चहाचं बघा." मी ते जसंच्या तसं वहीत लिहिलं, खाली तिची सही घेतली, दादाची आणि वहिनीची घेतली, दोन महाविद्यालयांचे रात्रीचे नंबर लिहिले आणि वही देवघराच्या खणात ठेवली.

२०२२ मध्ये ती गेली तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते. वहिनीने उठून पंखा बंद केला, आईच्या पापण्यांवर ओला कापूस ठेवला आणि मला म्हणाली, "वन्सं, तुम्ही नेत्रपेढीला फोन लावा. मी आधण ठेवते."